वेलांटी चुकली म्हणून अळी थांबत नाही



गेल्या आठवड्यात आपण हरभऱ्याच्या मर रोगाविषयी बोललो. आज पिकाविषयी बोलायचे नाही. पिकाविषयी आपण एकमेकांशी जे बोलतो, त्या बोलण्याविषयी बोलायचे आहे. विषय जरा वेगळा वाटेल, पण शेवटी तो पुन्हा शिवारातच येतो, बरे का!

पूर्वी गावात गप्पा मारायची जागा म्हणजे देवळाचा पार, नाही तर चावडीचा ओटा. आता आणखी एक जागा झाली आहे आणि ती सदऱ्याच्या खिशात मावते. गावोगाव फोनवर शेतकऱ्यांचे गट झाले आहेत. कुणाचा कापसाचा गट, कुणाचा डाळिंबाचा, कुणाचा दुधाचा. सोय मोठी आहे. सकाळी पानाचा फोटो पाठवावा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा जणांचा सल्ला यावा, हे आमच्या नोकरीच्या सुरुवातीला स्वप्नातही नव्हते. पण पारावरच्या तीन सवयीही या नव्या जागेत मुक्कामाला आल्या आहेत. थट्टा करणे, दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढणे आणि आपलेच घोडे पुढे दामटणे.

एका गटातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव नको. तूर फुलोऱ्यात होती. एका शेतकऱ्याने लिहिले, ‘तुरीवर आळी पडली औषद सांगा.’ एवढेच पाच शब्द. लगेच उत्तर आले, ‘कोणती आळी? सोनार आळी का कुंभार आळी?’ दुसऱ्याने भर घातली, ‘आळी पडली असेल तर नगरपालिकेला कळवा.’ तिसरा जरा शिकलेला. त्याने लिहिले, ‘आळी नव्हे, अळी. औषद नव्हे, औषध. आधी शाळेत जा.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. थट्टा चांगली जमली होती, मलाही हसू आले. पण त्या सगळ्या गर्दीत अळीवर काय करायचे ते एकानेही लिहिले नव्हते. संध्याकाळी मी त्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, “साहेब, आता तुम्ही इचारलं म्हून सांगतो. गटावर काय मी पुन्हा लिहिणार नाही.”

आता यात नुकसान कुणाचे झाले ते पाहा. शेंगा पोखरणारी अळी लहान असते तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्काने भागते. विषाणूजन्य औषध, ज्याला एचएएनपीव्ही म्हणतात, तेही लहान अळीवरच चांगले चालते. अळी मोठी होऊन शेंगेत तोंड घालून बसली की खर्च वाढतो आणि गुण कमी येतो. म्हणजे इथे दोन-तीन दिवसांना किंमत आहे. वेलांटी चुकली म्हणून अळी दोन दिवस खायची थांबत नाही. आणि जो शेतकरी एकदा गप्प बसला तो पुढच्या वर्षीही गप्पच बसतो. त्याच्या शेतात नवी कीड सर्वांत आधी दिसली, तरी बाकीच्यांना ती कळणार नाही.

ही खोड केवळ आपल्याच गावची आहे असे समजू नका. दूर बसून एकमेकांशी लिहून बोलण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्या संगणकाच्या तज्ज्ञ मंडळींनी हे सगळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भोगले आहे. मोठमोठ्या विद्यापीठांतली ही हुशार माणसे, पण भांडली ती अगदी आपल्यासारखीच! त्यातून ती काही शिकलीही. त्यांच्या गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट थट्टेची. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन नावाचे विद्यापीठ आहे. तिथली मंडळी १९८२ साली संगणकावर एकमेकांना मजकूर लिहीत. एकाने कोडे घातले की लिफ्टचा दोर तुटून ती खाली पडू लागली, तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? त्यावर दुसऱ्याने गमतीने ‘सूचना’ लिहिली की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. ज्यांनी मागचे वाचले नव्हते त्यांना ती सूचना खरीच वाटली. पारा विषारी, तेव्हा गडबड उडणारच. मग विचार सुरू झाला की थट्टा ही थट्टा आहे हे ओळखायचे कसे? समोरासमोर असलो तर चेहरा दिसतो, आवाज कळतो. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी तोडगा सुचवला. दोन टिंबे, मग छोटी आडवी रेघ, मग बंद कंस. मान डावीकडे कलती करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. थट्टा केली की शेवटी हे चिन्ह टाकायचे. तो मूळ मजकूर हरवला होता. २००२ साली संगणकाच्या जुन्या फिती धुंडाळून तो पुन्हा सापडवला. आज तुमच्या फोनवर जो पिवळा हसरा गोळा आहे, त्याचा हा आजोबा म्हणा ना!

फालमन यांनी चिन्ह दिले ते आपली थट्टा ओळखू यावी म्हणून. आपण ते वापरतो समोरच्याला हसण्यासाठी. फरक लक्षात आला ना?

थट्टा वाईट असे मी कधीच म्हणणार नाही. सावडीने भांगलण चालली असताना बायाबापड्यांची थट्टामस्करी नसेल तर पात लवकर पुढे सरकत नाही. संगणकवाल्यांनाही थट्टेची हौस दांडगी. त्यांच्या कामाची नियमपत्रे निघतात, ती फार गंभीर असतात. पण १ एप्रिल १९९० रोजी त्यांनी एक नियमपत्र काढले की संगणकाचे निरोप कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावेत! बरे, गंमत इथेच संपली नाही. २००१ साली नॉर्वे देशातल्या बर्गन गावच्या हौशी मंडळींनी ते खरेच करून पाहिले. नऊ निरोप धाडले, चारांची पोच परत आली. या थट्टेने कुणाचे वाईट झाले नाही, कारण वर १ एप्रिल ही तारीख स्पष्ट छापली होती आणि हसायचे ते सगळे स्वतःवरच हसत होते.

आपल्या गटात मात्र कुणी गमतीने लिहितो, ‘डबल डोस मार, अळीचा बाप पळेल.’ लिहिणाऱ्याला ती गंमत वाटते. वाचणारा रात्री अकराला, पीक हातचे जाते या काळजीत, एकटा वाचत असतो. त्याला ती गंमत कळेलच असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा बाकी कशावरही थट्टा करा, पण औषध आणि त्याची मात्रा यांवर थट्टा नको. तिथे हसरा चेहरा टाकूनही नको.

दुसरी गोष्ट हट्टाची. संगणकात मोठा आकडा साठवताना त्याचे तुकडे करतात. मोठ्या बाजूचा तुकडा आधी ठेवायचा की लहान बाजूचा, यावरून या मंडळींचे दोन तट पडले. वाद इतका चढला की डॅनी कोहेन या तज्ज्ञाने १९८० सालच्या १ एप्रिललाच शांततेची विनवणी करणारा लेख लिहिला. त्याने दाखला दिला जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या १७२६ सालच्या पुस्तकाचा. त्यात उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून दोन राज्ये लढतात. कोहेन यांचे सांगणे असे की कोणतीही बाजू धरा, काम दोन्हीकडून होते. सगळ्यांनी मिळून एकच बाजू धरणे महत्त्वाचे.

हे आपल्याला पटायला हवे. पायली आणि मण पूर्वी मुलखामुलखाला वेगळे होते. १९५६ च्या कायद्याने देशाला किलो आणि लिटर मिळाले. त्यात किलोच श्रेष्ठ म्हणून वाद नव्हता, सगळ्यांचे माप एक झाले हा फायदा होता. पण आज आपण ‘पंपाला एक झाकण’ हे नवे माप काढून पुन्हा मागे गेलो आहोत. त्याचे पुढे सांगतो.

याच जातीची आणखी एक गोष्ट. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ साली एक समिती रंगवली. तिच्यापुढे कोट्यवधींच्या अणुभट्टीचा विषय येतो आणि काही मिनिटांत मंजूर होतो, कारण त्यातले कुणालाच कळत नाही. मग सायकली ठेवायच्या छपराचा विषय येतो. त्यावर पाऊण तास चर्चा झडते, कारण छप्पर सगळ्यांना कळते. १९९९ साली डेन्मार्कचे संगणकतज्ज्ञ पॉल-हेनिंग काम्प यांनी आपल्या भांडणाऱ्या सोबत्यांना हीच गोष्ट ऐकवली. तेव्हापासून संगणकवाले निरर्थक वादाला ‘सायकलीचे छप्पर’च म्हणतात. आपल्या गटातली शुद्धलेखनाची चर्चा हे असेच छप्पर आहे. तुरीच्या अळीचे उत्तर द्यायला अभ्यास लागतो. ‘औषद’चे ‘औषध’ करायला चौथीचे पुस्तक पुरते. म्हणून तिथे गर्दी होते.

आता येऊ या शुद्धलेखनाकडे. तुमच्या आजोबांचे जुने पत्र किंवा खरेदीखत ट्रंकेत असेल तर काढून पाहा. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘कीं’, ‘केलें’ अशी टिंबेच टिंबे दिसतील. ते तेव्हा शुद्ध होते. मराठी साहित्य महामंडळाने नियम केले, शासनाने ते १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडली. ज्या टिंबाचा उच्चार होत नाही ते गेले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गति’ची ‘गती’ झाली. म्हणजे आजोबांनी छडी खाऊन जे टिंब शिकले, ते नातवाने लिहिले तर आज त्याचे गुण कापतात! नियम हवेतच, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला एकमेकांचे लिहिलेले वाचता येते. पण नियम माणसांनी सोयीसाठी केलेले असतात, त्यावरून माणसाची अक्कल मोजायची नसते.

आणि आपल्या मराठीची एकच तऱ्हा थोडीच आहे? वऱ्हाडात, खानदेशात ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘लोणी’चे ‘लोनी’ होते. तांबेऱ्याला कुठे गेरवा म्हणतात, हुमणीला कुठे उन्नी म्हणतात. असा शब्द गटात आला तर दुरुस्त करू नका, विचारा, ‘तुमच्याकडे उन्नी म्हणजे कोणती हो?’ त्यातून दोघांच्याही माहितीत भर पडेल. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्या मुलांनी लिहून घेतली आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, ती छापली गेली. लिहून घेणारे हसत बसले असते तर मराठी केवढ्याला मुकली असती!

चूक काढणाऱ्याला चूक कशी गाठते त्याचाही एक नियमच आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन बँगसंड यांनी १९९२ साली तो लिहिला की दुसऱ्याच्या लेखनातल्या चुकांवर तुम्ही लिहाल, तर तुमच्या त्या लिहिण्यात एक तरी चूक असणारच. त्याला नावही त्यांनी मुद्दाम चुकीचे दिले. ‘मर्फी’ या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘मफ्रीचा नियम’. गटातले शुद्धलेखनाचे पहारेकरी काय लिहितात ते नीट वाचा, नियम खरा असल्याची खात्री पटेल.

आणखी एक नमुना पाहा. संगणक एकमेकांशी बोलतात त्या नियमपत्रात एक इंग्रजी शब्द आहे, ‘रेफरर’. म्हणजे कुठून आलात ते सांगणारा. त्यात मध्ये दोन ‘आर’ हवेत, पण लिहिताना एकच पडला आणि १९९६ सालच्या नियमपत्रात तसाच छापला गेला. लक्षात आले तोवर ठिकठिकाणचे संगणक तो चुकीचा शब्द वापरू लागले होते. दुरुस्त करावा तर काम बंद पडेल. म्हणून आजही तोच चुकीचा शब्द चालू आहे. अर्थ पोचतो, काम होते, तिथे या काटेकोर मंडळींनीसुद्धा चूक पोटात घातली.

मग चूक काढूच नये का? काढावी. जरूर काढावी. पण जिथे काढायची तिथे आपण मुके असतो, तेच माझे दुखणे आहे. पुढच्या चार ठिकाणी पहारा ठेवा आणि चूक दिसली तर रात्री बारालाही लिहा.

१. औषधाचे नाव. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आहे आणि इमॅझेथापायर हे सोयाबीनमधले तणनाशक. मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक, तर मेटोलाक्लोर हे तणनाशक. सुरुवात सारखी, काम निराळे. कुणी नुसते ‘इमा’ किंवा ‘मेटा’ लिहिले तर पूर्ण नाव विचारा. इथे एक अक्षर म्हणजे एक हंगाम.

२. मात्रा. ‘१० लिटर पाण्यात ५ मिली’ आणि ‘लिटरला ५ मिली’ यांत दहा पटींचा फरक आहे. १५ लिटरच्या पंपात साडेसात मिली पडायचे तिथे ७५ मिली पडेल. तसेच अर्ध्याचे टिंब. ‘०.५’ मधले टिंब गळाले की पाच होतात. म्हणून ‘अर्धा मिली’ असे अक्षरांत लिहायची सवय लावा.

३. पंप आणि झाकण. पंप दहा लिटरचा, पंधराचा, सोळाचा असतो. प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. ‘पंपाला एक झाकण’ हे माप नव्हे. मोजपात्र वापरा. पेट्रोल पंपाने फवारायचे असेल तर पाणी कमी लागते, तेव्हा औषधाचे प्रमाण लेबल पाहून किंवा कृषी सहायकाला विचारूनच ठरवा.

४. पीक आणि त्याचे वय. एका पिकाचे औषध दुसऱ्यावर चालेलच असे नाही. २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कापसावर नेला तर कापसाची पाने आकसून वेडीवाकडी होतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

या चार जागी जो चूक दाखवील तो गटाचा खरा मित्र. पण दाखवताना रीत सांभाळा. ‘भाऊ, मात्रा एकदा तपासा, लेबलावर इतकी दिली आहे’ एवढे पुरते. शाळेत धाडायची गरज नाही.

विचारणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे. २००१ साली एरिक रेमंड या अमेरिकन तज्ज्ञाने संगणकाविषयी प्रश्न कसा विचारावा यावर लांबलचक मार्गदर्शन लिहिले. स्वच्छ लिहा असे त्यात आहेच, पण परक्या भाषेत लिहिणाऱ्याला चुकांची थोडी सूट द्यावी, आळसाला देऊ नये, असेही आहे. हे मला फार आवडले. आपल्याकडे पुस्तकी मराठी पुष्कळांना थोडी परकीच असते. वेलांटी माफ, पण ‘पीक पिवळे पडले, काय मारू?’ हा आळस माफ नाही. कोणते पीक, कोणता वाण, पेरणी कधी, पाणी कधी दिले, आधी काय फवारले, शेतभर आहे की ठिपक्याठिपक्यांनी, एवढे सांगा. फोटो तीन काढा. पानाची खालची बाजू, पूर्ण झाड आणि थोडे दूरून शेत. लिहिणे जमत नसेल तर बोलून पाठवा, फोनमध्ये ती सोय आहे. आणि गुण आला की नाही ते आठ दिवसांनी सांगा. रेमंड यांनीही हेच सांगितले आहे. शेवट कळला तरच पुढच्याला त्या प्रश्नाचा उपयोग.

एक गोष्ट गटाच्या जाणत्या मंडळींसाठी. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स नावाची प्रणाली चालते. लायनस टोरवाल्ड्स यांनी ती १९९१ साली सुरू केली. माणूस अतिशय गुणी, पण सोबत्यांच्या कामात चूक दिसली की शब्दांचे आसूड ओढी. वर्षानुवर्षे लोकांनी सोसले. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम बाजूला ठेवले आणि मग परत आले. एवढ्या मोठ्या माणसाला जे करता आले, ते आपल्या गटातल्या एखाद्या पुढाऱ्याला किंवा गुरुजींना जड जाऊ नये.

आणि घरातल्या कर्त्यांनो, गटात बायका किती बोलतात ते एकदा पाहा. निंदणी, वेचणी, धार काढणे त्यांच्या हातून होते. पानामागची कीड त्यांना आधी दिसते. पण पुरुषमाणसाला इतके हसतात, तर आपल्याला किती हसतील, म्हणून त्या लिहीत नाहीत. तेव्हा घरातल्या शाळकरी मुलामुलींना सांगा की आई-आजी सांगेल तसे लिहून द्या. तिचे शब्द बदलू नका, फक्त औषधाचे नाव लेबलावरून नीट उतरवा.

गटात उत्तर मिळाले नाही, तर किसान कॉल सेंटरचा फुकट नंबर आहे : १८००-१८०-१५५१. मराठीत बोलतात. आणि आम्हाला पत्र तर केव्हाही धाडा. काना-मात्रा राहिली तरी चालेल. पिकाचे नाव, पेरणीची तारीख आणि आधी काय फवारले ते मात्र राहू देऊ नका.

पुढच्या आठवड्यात गव्हाच्या तांबेऱ्याविषयी बोलू. ज्यांच्याकडे त्याला गेरवा म्हणतात त्यांनीही वाचावे.